उन्हाचा ताप समजलेला संसर्ग : केमोथेरपीच्या दहाव्या दिवसाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातील एका कर्करोग विभागातले आहे. रुग्णेची ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले, त्याच क्रमाने ते येथे मांडले आहेत, कारण या आजारात क्रमालाच महत्त्व असते.

रुग्ण ५४ वर्षांच्या, काटोलच्या पलीकडील एका गावात राहणाऱ्या बाई. घरची संत्र्याची बाग, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असा संसार. मार्च महिन्यात त्यांच्या डाव्या स्तनाची कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. काखेतील तीन लसिकाग्रंथींमध्ये रोग आढळला होता, शरीरात अन्यत्र तो पसरलेला नव्हता. म्हणजे उपचारांचा हेतू आजार पूर्ण बरा करणे हाच होता. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या केमोथेरपीच्या औषधांच्या २१ दिवसांच्या अंतराने चार फेऱ्या आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल असे नियोजन होते. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत होता. त्यांना नऊ वर्षांपासून मधुमेह होता आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू होत्या. उजव्या दंडातून पिक लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी, टाकलेली होती. मे महिन्यातील एका सोमवारी पहिली फेरी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या.

केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या सर्वच पेशींवर मारा करतात, त्यात अस्थिमज्जाही सापडते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जीवाणूंविरुद्धची पहिली फळी असतात, आणि रक्तातील त्यांचे आयुष्य जेमतेम काही तासांचे असल्यामुळे मज्जेतील निर्मिती मंदावली की त्यांचा तुटवडा लवकर जाणवतो. बहुतेक औषधयोजनांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्यांची संख्या तळ गाठते. जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ल्युकेमियाच्या रुग्णांच्या अभ्यासातून दाखवून दिले की ही संख्या जितकी खाली जाते आणि जितके दिवस खाली राहते, तितका गंभीर संसर्गाचा धोका वाढतो. आज एका मायक्रोलिटर रक्तात ५०० ही सीमा मानली जाते. १०० च्या खालची संख्या अतिधोक्याची समजतात. त्याच सुमारास आतड्याच्या आतले नाजूक आवरणही औषधांमुळे सोललेले असते, त्यामुळे एरवी आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे जीवाणू थेट रक्तात शिरू शकतात. अशा रुग्णाला बाहेरून काही लागण होण्याची गरजच नसते, ही गोष्ट नातेवाइकांना समजावून सांगणे फार कठीण जाते.

घरी जाताना मुलाच्या हाती इंग्रजीत छापलेला कागद दिला गेला होता आणि परिचारिकेने तोंडी सांगितले होते की ताप आला तर फोन करा. घरात बाईंची प्रत्यक्ष देखभाल सून करणार होती. ती त्या वेळी तेथे नव्हती.

समस्या कशी उभी राहिली

त्या आठवड्यात नागपूर आणि परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास होता. बुधवारी, म्हणजे केमोच्या दहाव्या दिवशी, बाई सकाळी अंगणात वाळवणाजवळ थोडा वेळ बसल्या होत्या. सायंकाळी साडेसातच्या सुमारास त्यांना हुडहुडी भरली आणि अंग तापले. घरच्यांनी त्याचा जो अर्थ लावला तो विदर्भात मे महिन्यात कोणीही लावला असता : ऊन लागले. कैरीचे पन्हे दिले, तळपायांना कांद्याचा रस चोळला, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या आणि कूलर त्यांच्या खाटेसमोर आणून लावला.

सुनेने ताप मोजण्याचा प्रयत्न केला होता, हे आम्हाला नंतर कळले. घरात डिजिटल थर्मामीटर होता, परंतु पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत तो तोंडात ठेवण्यापूर्वीच मर्यादेपलीकडचे तापमान असल्याची खूण दाखवत होता. थर्मामीटर बिघडला असे समजून तिने तो बाजूला ठेवला. खोलीतील हवाच उपकरणाच्या मोजण्याच्या मर्यादेपेक्षा अधिक गरम असेल तर ते असेच वागणार. पाऱ्याच्या थर्मामीटरचीही तीच गत होते. त्याचे टोक आधी माठातल्या पाण्यात गार करून, कोरडे करून मग वापरावे, ही साधी सूचना आमच्या कोणत्याही कागदावर नव्हती.

गुरुवारी सकाळी बाईंना गावाजवळच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्या दिवसांत त्यांच्याकडे खरोखरच उन्हाने आजारी पडलेल्यांची रांग लागलेली होती. बाईंवर केमो सुरू असल्याचे मुलाने सांगितले होते. मात्र केमो कोणत्या दिवशी झाली आणि आजचा दिवस कितवा, हे ना मुलाने सांगितले, ना त्यांनी विचारले. त्यांनी कमरेत डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले आणि पॅरासिटामोल व सेफिक्झिम या प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या. तासाभरात घाम येऊन ताप उतरला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. दुपारी पातळ जुलाब सुरू झाले. पावणेसातच्या सुमारास बाई विचारल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देऊ लागल्या, तेव्हा सुनेने मुलाच्या पाकिटातला तो इंग्रजी कागद काढला आणि त्यावरच्या क्रमांकावर फोन केला.

"सिस्टर, मायला ऊन लागलं वाटते. ताप तं उतरला, पण ती बोलत नाही बराबर," असे ती म्हणाली. फोन घेणाऱ्या परिचारिकेने फक्त दोनच प्रश्न विचारले : केमो कधी झाली आणि ताप पहिल्यांदा कधी आला. ताप आता आहे की नाही याला तिने महत्त्व दिले नाही आणि लगेच निघायला सांगितले. या प्रकरणात ज्या गोष्टी बरोबर घडल्या त्यांत हा फोन मी पहिला मानतो.

रुग्णालयात आल्यावरची स्थिती

गावातून गाडी मिळवून, सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर कापून त्या रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी पोहोचल्या. पहिल्या हुडहुडीपासून तोवर २६ तास उलटून गेले होते. तोंडातील तापमान १०१.८ अंश फॅरनहाइट, नाडी मिनिटाला १२८, श्वास २६, रक्तदाब ८६/५४. हातपाय गरम होते, जीभ कोरडी पडली होती, नाव विचारले तर सांगत होत्या पण लगेच डोळे मिटत होत्या. छाती स्वच्छ होती. पोट उजव्या बाजूला खाली दाबल्यावर दुखत होते. कमरेत इंजेक्शनच्या जागी तळहाताएवढा काळानिळा डाग होता. पिक लाइनच्या तोंडाशी लाली किंवा स्राव नव्हता.

धोका मोजण्यासाठी मॅस्क या नावाने ओळखली जाणारी २६ गुणांची पद्धत वापरली जाते. २१ किंवा त्याहून अधिक गुण मिळालेला रुग्ण कमी धोक्याचा धरतात आणि इतर सर्व ठीक असेल तर त्याच्यावर गोळ्यांनी, घरी ठेवूनही उपचार करता येतात. कमी रक्तदाब आणि निर्जलीकरण यांमुळे बाईंचे गुण १६ भरले. खरे म्हणजे रक्तदाबाचा ८६ हा आकडा पाहिल्यावर गुण मोजण्याची गरजच उरली नव्हती.

पहिला तास : चार पर्याय

पहिल्या प्रतिजैविकाचा डोस रुग्ण आल्यापासून ६० मिनिटांच्या आत गेला पाहिजे, हा नियम आहे. तो ज्या विचारातून आला तो विचार जुना आहे. १९७१ मध्ये स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी, न्यूट्रोफिल कमी असलेल्या कर्करुग्णांना ताप येताच, कल्चरच्या (रक्तातील जीवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या) अहवालाची वाट न पाहता कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू करण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यापूर्वी अहवाल हाती येईपर्यंत थांबण्याची पद्धत होती आणि स्यूडोमोनाससारख्या जीवाणूच्या संसर्गात रुग्ण अहवालाआधीच दगावत.

आम्ही पेशींच्या मोजणीचीही वाट पाहिली नाही. दहावा दिवस आणि ताप एवढी माहिती पुरेशी होती. पिक लाइनमधून एक आणि दुसऱ्या जागेच्या शिरेतून एक असे रक्ताचे दोन कल्चर एकाच वेळी घेतले, आणि १० वाजून २२ मिनिटांनी पहिला डोस सुरू झाला. पेशींचा अहवाल त्यानंतर पंचवीस मिनिटांनी आला : एकूण पांढऱ्या पेशी ६००, त्यांत न्यूट्रोफिल १५ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात ९०. प्लेटलेट ६२ हजार, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.७, जे केमोपूर्वी ०.८ होते. शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारे लॅक्टेट ३.८, साखर ३१२. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. तो स्वच्छ असण्याने आम्ही निश्चिंत झालो नाही, कारण पू, लाली, एक्स-रेवरील पांढरा डाग या सर्व खुणा मुख्यतः न्यूट्रोफिलमुळेच उमटतात आणि येथे तेच नव्हते.

कोणते औषध द्यायचे, यावर खाटेजवळच दोन मिनिटे चर्चा झाली. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हा बहुतेक रुग्णांतील आमचा पहिला पर्याय. तो स्यूडोमोनासवर चालतो आणि आतड्यातील ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जीवाणूंवरही. सेफेपीम दुसरा, परंतु पोट दुखत असताना तो अपुरा पडला असता, कारण त्या जीवाणूंवर त्याचा प्रभाव नाही. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे सेफोपेराझोन-सल्बॅक्टम हा तिसरा. मात्र सेफोपेराझोनमुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडू शकते, आणि प्लेटलेट कमी असलेल्या, दोन दिवस नीट न जेवलेल्या रुग्णात तो धोका पत्करावा असे वाटले नाही. चौथा पर्याय मेरोपेनेम.

आम्ही मेरोपेनेम निवडले. कार्बापेनेम गटातील ही औषधे जपून वापरली पाहिजेत यावर माझा ठाम विश्वास आहे. भारतात ई. कोलाय आणि क्लेब्सिएला या आतड्यातील जीवाणूंमध्ये सेफॅलोस्पोरिनला (सेफिक्झिम, सेफेपीम यांच्या गटाला) निकामी करणारी विकरे इतकी पसरली आहेत की मेरोपेनेमवर ताण येतो, आणि त्याच ताणातून त्यालाही दाद न देणारे जीवाणू वाढत आहेत. तरीही रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात पहिल्या निवडीची चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. दोन महिन्यांपूर्वी शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात झालेला मुक्काम आणि सकाळीच पोटात गेलेले सेफिक्झिम यांमुळे प्रतिरोधक जीवाणूची शक्यता वाढली होती. जपून वापरायचे औषध ज्या प्रसंगासाठी जपायचे, तो प्रसंग समोर होता.

अमिकासिन जोडावे असे एका सहकाऱ्याचे मत होते. ते मूत्रपिंडाला इजा करू शकते; येथे क्रिएटिनिन आधीच दुप्पट झालेले, त्यात निर्जलीकरण आणि मूत्रपिंडावर भार टाकणारे डायक्लोफिनॅक. म्हणून ते टाळले. ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बहुधा त्वचेवरून नळीवाटे शिरणाऱ्या, जीवाणूंविरुद्धचे औषध केवळ ताप आहे म्हणून देऊ नये, परंतु रक्तदाब घसरलेला असणे आणि शिरेत नळी असणे या दोन कारणांनी त्यांपैकी टायकोप्लॅनिन सुरू केले आणि ४८ तासांनी त्याचा फेरविचार करायचा असे केसपेपरवर त्याच वेळी लिहून ठेवले. अशी नोंद नसली की औषध सुरू करणारा एक आणि थांबवण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, अशी अवस्था होते.

मेरोपेनेमच्या मात्रेचाही प्रश्न होता. मूत्रपिंडाच्या त्या वेळच्या आकड्यांनुसार डोसांतले अंतर वाढवायला हवे होते. आम्ही पहिले ४८ तास पूर्ण मात्राच ठेवली, दर आठ तासांनी एक ग्रॅम, प्रत्येक डोस तीन तासांत. कारण संसर्ग आणि निर्जलीकरण यांमुळे झालेली मूत्रपिंडाची इजा बहुधा दोन दिवसांत ओसरू लागते आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत औषध कमी पडणे परवडत नाही.

पहिल्या तीन तासांत सुमारे दीड लिटर रिंगर लॅक्टेट दिले. वजन ५२ किलो होते, त्या हिशेबाने किलोमागे ३० मिलिलिटर. तरीही सरासरी रक्तदाब ६५ च्या वर जाईना, म्हणून मध्यरात्रीनंतर अतिदक्षता विभागात रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुरू केले. मेटफॉर्मिन बंद करून इन्सुलिन दिले.

पोट आणि पिक लाइन

उजव्या बाजूच्या पोटदुखीने शुक्रवारी सकाळी आमचे लक्ष वेधून घेतले. खाटेजवळच सोनोग्राफी केली; मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची भिंत सात मिलिमीटर जाड झालेली दिसली. चार मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी, ताप आणि न्यूट्रोफिलचा अभाव यांवरून न्यूट्रोपेनिक एन्टेरोकोलायटिस (न्यूट्रोफिल कमी असताना आतड्याला येणारी सूज) हे निदान ठरले. सीटी स्कॅनने चित्र अधिक स्पष्ट झाले असते, परंतु त्यासाठीच्या रंगद्रव्याने मूत्रपिंडावर भार आला असता आणि उपचार बदलण्याजोगे काही हाती लागले नसते. शल्यचिकित्सकांनी दिवसातून दोनदा पोट तपासायचे ठरवले. आतड्याला छिद्र पडले किंवा रक्तस्राव न थांबणारा झाला तरच शस्त्रक्रिया. ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जीवाणूंसाठी मेरोपेनेम पुरेसे असल्याने मेट्रोनिडॅझोल जोडले नाही. प्रतिजैविकांनंतर जुलाब लावणाऱ्या क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल या जीवाणूची तपासणी नकारात्मक आली. या रुग्णांत एनिमा, गुदद्वारातून औषध वा तापमापन आणि बोट घालून तपासणी पूर्णपणे टाळावी लागते, कारण तेथील एक बारीक ओरखडाही जीवाणूंना वाट करून देतो. हे वॉर्डातील प्रत्येकाला, रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनाही, स्वतंत्रपणे सांगितले.

कल्चरच्या दोन्ही बाटल्यांनी शुक्रवारी सकाळी वाढ दाखवली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅम-निगेटिव्ह दंडाकृती, म्हणजे ई. कोलाय ज्या गटात येतो ते, जीवाणू दिसले. आता पिक लाइन काढायची का, हा प्रश्न आला. नळीच उगमस्थान असेल तर नळीतल्या रक्ताची बाटली शिरेतल्या बाटलीपेक्षा किमान १२० मिनिटे आधी वाढ दाखवते. येथे फरक जेमतेम पंधरा मिनिटांचा होता. उगम आतड्यात आहे असे मानून आम्ही नळी ठेवली. ती काढली असती तर ज्या नळीतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चालू होते तिच्याऐवजी, प्लेटलेट घसरत असताना, मानेत नवी नळी टाकावी लागली असती. दोन्ही कल्चर एकाच वेळी घेतल्याची नोंद नसती तर हा निर्णय निव्वळ अंदाजावर राहिला असता.

चाळीस तासांनंतर : औषध बदलायचे का

शनिवारची दुपार या प्रकरणातील सर्वांत अवघड वेळ होती. मेरोपेनेमला सुमारे ४० तास झाले होते आणि ताप अजूनही १०२ पर्यंत चढत होता. मुलाने मला अतिदक्षता विभागाबाहेर गाठले. "डॉक्टर साहेब, ताप तं उतरूनच नाही राह्यला. यापेक्षा भारी औषध असंल तं सांगा, आम्ही बाहेरून आणतो," असे तो म्हणाला. बाग गहाण ठेवायची त्याची तयारी होती. आमच्यातल्या दोन तरुण डॉक्टरांचेही मत कोलिस्टिन हे राखीव प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध आजच सुरू करावे असे होते. त्यांच्या मताला आधार होता. मेरोपेनेमला न जुमानणारे क्लेब्सिएला आपल्या अतिदक्षता विभागांत नवीन नाहीत, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या रुग्णात एक दिवस वाया जाणे जिवावर बेतू शकते.

आम्ही तापाचा आकडा बाजूला ठेवून बाकीचे आकडे एका कागदावर मांडले. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची गरज निम्म्याहून कमी झाली होती. लॅक्टेट ३.८ वरून १.६ वर आले होते. लघवी वाढली होती, क्रिएटिनिन १.३ होते, पोट आदल्या दिवसापेक्षा मऊ होते आणि बाईंनी सकाळी नातवंडांची चौकशी केली होती. चुकीच्या औषधावर असलेला रुग्ण असा सुधारत नाही. योग्य औषध चालू असतानाही या रुग्णांचा ताप उतरायला घन गाठींच्या कर्करोगात साधारण दोन दिवस आणि रक्ताच्या कर्करोगात पाच दिवस लागतात, आणि स्थिर रुग्णात केवळ ताप टिकून आहे एवढ्यावरून प्रतिजैविक बदलू नये, ही गोष्ट पुस्तकात वाचताना सोपी वाटते. बुरशीचा विचार चौथ्या ते सातव्या दिवसानंतर करायचा असतो. कोलिस्टिन तर नुकत्याच सावरू लागलेल्या मूत्रपिंडावर घाव ठरले असते.

औषध न बदलण्याचे ठरले. त्याला एक अट जोडली : रक्तदाबाच्या औषधाची गरज पुन्हा वाढली, पोट फुगले किंवा शुद्ध हरपू लागली, तर अहवालाची वाट न पाहता औषध वाढवायचे. मुलाला मी बाकड्यावर बसवून तो कागद दाखवला आणि एकेक आकडा समजावून सांगितला. त्याला वीस मिनिटे लागली. भारी औषध म्हणजे चांगले औषध हा समज त्या वीस मिनिटांत गेला असे मी म्हणणार नाही, परंतु संध्याकाळी त्यानेच घरी फोन करून लॅक्टेट उतरल्याचे सांगितले. त्याच रात्री, ४८ तास झाल्यावर, एकही ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणू न वाढल्यामुळे टायकोप्लॅनिन थांबवले.

कल्चरचा अहवाल

रविवारी सकाळी अंतिम अहवाल आला. ई. कोलाय, सेफॅलोस्पोरिन निकामी करणारे विकर तयार करणारा. मेरोपेनेम आणि अमिकासिनला संवेदनशील, सिप्रोफ्लॉक्सासिनला प्रतिरोधक. सेफिक्झिमचा त्याच्यावर काही परिणाम होणे शक्यच नव्हते. अहवालात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढेही संवेदनशील असे लिहिलेले होते, आणि मेरोपेनेम सोडून त्यावर उतरण्याचा मोह झाला. कार्बापेनेम वाचवण्याची तत्त्वे तेच सुचवतात. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत अशाच प्रतिरोधक जीवाणूंच्या रक्तसंसर्गात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम मिळालेल्या रुग्णांपैकी १२.३ टक्के तीस दिवसांत दगावले होते, तर मेरोपेनेम मिळालेल्यांपैकी ३.७ टक्के. प्रयोगशाळेतील संवेदनशीलता आणि खाटेवरील गुण यांत एवढी तफावत असताना आम्ही मेरोपेनेमच ठेवले.

न्यूट्रोफिल वाढवणारे फिल्ग्रास्टिम शुक्रवारपासून दिले होते. प्रत्येक रुग्णात ते देण्याची गरज नसते. १०० च्या खाली गेलेली संख्या आणि कोसळलेला रक्तदाब यांमुळे येथे दिले. त्याचा वाटा किती आणि मज्जेच्या स्वतःच्या उभारीचा किती, हे वेगळे काढता येणार नाही.

परिणाम

रविवारी दुपारी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बंद झाले. सोमवारी ताप उतरला आणि पुन्हा आला नाही. प्लेटलेट २८ हजारांपर्यंत घसरल्या, पण रक्तस्राव नसल्याने चढवल्या नाहीत. मंगळवारी न्यूट्रोफिल ६४०, बुधवारी २३०० आणि क्रिएटिनिन ०.९. कमरेतला डाग गळू होईल अशी भीती होती. तो हळूहळू पिवळा पडून गेला.

सात दिवसांचे मेरोपेनेम झाल्यावर घरी पाठवण्याचा प्रश्न उरला. तोंडावाटे द्यायच्या औषधांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिन चालणार नव्हते. कोट्रायमॉक्साझोल चालले असते, पण ते मज्जेला दाबते, आणि नुकत्याच सावरलेल्या मज्जेला ते देणे नको वाटले. पेशी वाढलेल्या, जीवाणू ओळखीचा, म्हणून मेरोपेनेमच्याच गटातले, दिवसातून एकदाच द्यावे लागणारे अर्टापेनेम पिक लाइनमधून तीन दिवस दिले. कुटुंब त्या काळात नागपुरातील एका नातेवाइकाकडे राहिले आणि सकाळी येऊन औषध घेऊन गेले. एकूण दहा दिवस झाले. आतड्याला सूज असल्यामुळे आम्ही तीन दिवस वाढवले. आज तोच रुग्ण समोर आला तर सात दिवसांवर थांबण्याचा मी गंभीरपणे विचार करीन.

वेगळे काय करता आले असते

रुग्णालयाच्या दारापासून पुढे ४२ मिनिटांत औषध मिळाले, दारापर्यंत यायला २६ तास लागले. सुधारणेला जागा कुठे आहे हे या दोन आकड्यांवरून दिसते.

पहिला दोष आमचा होता. सूचना इंग्रजीत होत्या आणि त्या चुकीच्या माणसाच्या हाती गेल्या. आता आमच्याकडून दिले जाणारे कार्ड मराठीत आणि हिंदीत आहे आणि जो रुग्णाजवळ रात्री झोपणार आहे त्याला ते वाचून दाखवले जाते. त्यावर केमोची तारीख आणि सातव्यापासून चौदाव्यापर्यंतच्या तारखा ठळक लिहिलेल्या असतात. एकदा १०१ किंवा तासभर १००.४ अंश ताप म्हणजे ताबडतोब निघायचे. पॅरासिटामोलने उतरला तरी निघायचे. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत थर्मामीटर गार करून वापरण्याची आणि गार पाणी प्यायल्यावर पंधरा मिनिटे थांबून तोंडात ठेवण्याची सूचना त्यात आहे. कूलरच्या टाकीतले पाणी रोज बदलावे, साचलेल्या पाण्यात स्यूडोमोनास वाढतो, हेही आहे. मात्र सर्वांत मोठ्या अक्षरांत एकच वाक्य आहे : केमोनंतरचा ताप उन्हाचा आहे हे घरी ठरवू नका. ते डॉक्टरांनाही खाटेजवळ बसून ठरवता येत नाही. उष्माघातात आणि जंतुसंसर्गात तापलेले अंग, वेगवान नाडी आणि ग्लानी सारखीच असते.

गावातल्या डॉक्टरांना दोष देऊन काही साधत नाही. त्यांच्यापर्यंत कोणीही पोहोचले नव्हते. त्याच कार्डाची मागची बाजू आता त्यांच्यासाठी आहे : स्नायूत इंजेक्शन नको, डायक्लोफिनॅक नको, केमोचा दिवस विचारा, या क्रमांकावर बोला. बाई बऱ्या झाल्यावर मी त्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नंतर त्यांच्याकडून आमच्याकडे दोन रुग्ण वेळेत आले.

एका प्रश्नावर आमच्यात अजून एकमत नाही. दोन तासांचा रस्ता असेल तर पहिला डोस तालुक्याच्या ठिकाणीच द्यावा का? रक्ताचे कल्चर घेऊन तो द्यावा असे माझे मत आहे. विरोधी मत असे की तेथे कल्चरच्या बाटल्या नसतात, आणि कल्चरशिवाय डोस गेला तर जीवाणू कधीच ओळखता येत नाही. या प्रकरणात पिक लाइन वाचवण्यापासून औषधाच्या मुदतीपर्यंत सर्व काही त्या दोन बाटल्यांवर ठरले होते. हा आक्षेप खरा आहे. तरीही रक्तदाब ९० च्या खाली असेल तर बाटल्यांसाठी थांबू नये, एवढ्यावर आम्ही सहमत झालो, आणि वाटेत सलाईन चालू राहावे म्हणून अशा रुग्णाने १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी, खासगी गाडी शोधण्यात वेळ घालवू नये, असेही ठरवले.

दहाव्या दिवशीची रक्ततपासणी नियोजनात नव्हती. असती तरी हा आजार टळला नसता, पण कुटुंब सावध झाले असते. पेशी वाढवणारे इंजेक्शन पहिल्याच फेरीत द्यायला हवे होते का, यावर मी अनेकदा विचार केला आहे. औषधयोजनेत न्यूट्रोफिल घटून ताप येण्याचा धोका २० टक्क्यांहून अधिक असेल तर ते सर्वांना देतात. या योजनेचा धोका मध्यम धरला जातो, आणि अशा वेळी रुग्णाचे वय व इतर आजार पाहून ठरवायचे असते. मधुमेहाची नोंद कागदावर होती. आम्ही तिला पुरेसे वजन दिले नाही.

पुढची फेरी

दुसरी फेरी दोन आठवडे पुढे ढकलली. औषधांची मात्रा कमी करावी की पूर्ण मात्रा ठेवून संरक्षण द्यावे, हा प्रश्न होता. आजार पूर्ण बरा करण्याचा हेतू असताना मात्रा घटवणे आम्हाला मान्य नव्हते. रोज सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच गटातल्या लेव्होफ्लॉक्सासिनची गोळी देण्याचा पर्याय, बाईंच्या आतड्यातला जीवाणू त्या गटाला प्रतिरोधक असल्याचे हाती असताना, निरर्थक होता. केमोनंतर २४ तास उलटल्यावर न्यूट्रोफिल वाढवणाऱ्या पेगफिल्ग्रास्टिमचे सहा मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन द्यायचे ठरले. ते सुनेच्या उपस्थितीत दिले गेले आणि कार्ड तिच्या हाती गेले.

त्या फेरीच्या नवव्या दिवशी पहाटे पाच वाजता तिचा फोन आला. थर्मामीटर माठातल्या पाण्यात बुडवून, पुसून, तासाभराने दोनदा मोजला होता : १००.६ आणि १००.८. गाडी दारात उभी होती. साडेसातला त्या पोहोचल्या तेव्हा रक्तदाब ११८/७४ होता. कल्चर घेऊन पहिला डोस दिला. न्यूट्रोफिल २१०० निघाले, घसा लाल होता, नातवाला दोन दिवसांपासून सर्दी होती. ४८ तासांत कल्चरमध्ये काहीही वाढले नाही, प्रतिजैविक थांबवले आणि तिसरी फेरी ठरल्या तारखेला झाली.